समाधान शिकावं लागतं: ख्रिस्ती विश्वास आणि मनाची हाव याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिलांच्या शास्त्राभ्यासात म्हणजे बायबलाच्या अभ्यासात, तरुणांच्या सभेत, कधी उपासनेनंतर मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, दारात चपला शोधताना हे प्रश्न मला विचारले गेले आहेत. मी पाळक, म्हणजे धर्मगुरू, नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं, आता निवृत्त आहे. जे शास्त्रात वाचलं आणि जगताना पटलं, तेवढंच इथे लिहिते आहे.

समाधान म्हणजे नेमकं काय? काहीच नको वाटणं?

नाही. मला सगळ्यात जवळचं चित्र वाटतं ते बायबलातल्या 131 व्या स्तोत्रातलं. अवघ्या तीन ओव्यांचं स्तोत्र. त्यात कवी म्हणतो की माझा जीव दूध तुटलेल्या बाळासारखा आईपाशी निवांत आहे. मला हे वचन लहानपणापासून पाठ होतं, पण कळलं माझ्या धाकटीचं दूध तोडलं तेव्हा. आमच्याकडे छातीला कडुलिंबाचा पाला वाटून लावतात. बाळ तोंड लावतं, कडू लागतं, रागावतं, पुन्हा येतं, पुन्हा रडतं. तीन रात्री घरात कोणी झोपलं नाही. चौथ्या दिवशी दुपारी ती आपण होऊन आली आणि मांडीवर डोकं टेकून नुसती पडून राहिली. पदर ओढला नाही, काही मागितलं नाही. त्याआधी ती जवळ यायची ती दुधासाठी, त्या दुपारी माझ्यासाठी आली.

स्तोत्रकर्ता तान्ह्या बाळाचं उदाहरण देत नाही, हे लक्षात घ्या. तान्हं बाळही पोट भरलं की शांत होतं, पण तीन तासांपुरतं. आपली बहुतेक सुखं तशी असतात. दूध तुटलेल्या बाळाची शांतता वेगळी, ती पोटावर अवलंबून नसते. देवाकडून काय मिळतं यापेक्षा देव मिळाला आहे, यावर टेकलेलं मन म्हणजे ख्रिस्ती समाधान. आणि त्याआधी तीन रात्रींचं रडणं असतं, हेही त्या चित्रातच आहे.

मग इच्छा असणंच पाप आहे का?

मुळीच नाही. भूक, लग्नाची ओढ, चांगलं घर, मुलांचं शिक्षण, मान या गोष्टींची इच्छा देवानेच माणसात घातली आहे. बायबलातल्या दहा आज्ञांपैकी दहावी आज्ञा इच्छेला मनाई करत नाही, लोभाला करते. शेजाऱ्याचं घर, शेजाऱ्याची बायको, त्याचा बैल, त्याचं गाढव. मला स्वतःला घर हवं असणं वेगळं आणि शेजाऱ्याचं पाहून माझं घर नकोसं वाटणं वेगळं. प्रेषित पौलाने कलस्सै गावच्या मंडळीला पत्र लिहिताना लोभाला सरळ मूर्तिपूजा म्हटलं आहे. ते त्याने मंडळीत बसणाऱ्यांना लिहिलं, बाहेरच्यांना नव्हे.

नीतिसूत्रांच्या 30 व्या अध्यायात आगूर नावाच्या माणसाची प्रार्थना आहे. दारिद्र्य देऊ नको, श्रीमंतीही देऊ नको, माझ्या वाट्याची भाकर दे. फार झालं तर मी तुला विसरेन, कमी पडलं तर चोरी करेन. स्वतःला इतकं नीट ओळखणारी प्रार्थना मी दुसरी वाचलेली नाही.

हवं ते मिळाल्यावरही मन का भरत नाही?

मला पाटल्या हव्या होत्या. लग्नात दोन बांगड्यांवर भागवलं होतं, आणि शाळेतल्या एका बाईंच्या हातात चार तोळ्यांच्या पाटल्या होत्या. त्या फळ्यावर लिहायला लागल्या की मी अक्षरांकडे बघत नसे. आम्ही दहा जणींनी भिशी लावली. माझा नंबर आला, वर थोडी भर घातली आणि पाटल्या झाल्या. पहिला आठवडा मी भांडी घासतानाही हात वर धरून बघत होते. श्रावण संपेपर्यंत त्या हातातच आहेत याचा विसर पडला होता, आणि लक्ष गेलं होतं दुसऱ्या एकीच्या तोड्यांकडे. पाटल्यांत खोट नव्हती. त्यांच्याकडून मी जे मागत होते ते सोन्याला देता येत नाही.

उपदेशकाच्या पुस्तकात 'व्यर्थ' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. मूळ हिब्रू शब्द 'हेवेल', म्हणजे श्वास, वाफ. थंडीत सकाळी बोलताना तोंडातून निघते ना, तशी. ती खोटी नसते, दिसते, पण मुठीत धरता येत नाही. त्या पुस्तकात बोलणारा राजा महाल बांधतो, बागा लावतो, गाणारे ठेवतो, डोळ्यांनी मागितलेलं काहीही त्यांना नाकारत नाही, आणि शेवटी हात उघडून बघतो तर वाफ.

ऑगस्टीनची गोष्ट अशीच आहे. जन्म 354 सालचा, आजच्या अल्जीरियातल्या एका गावातला. हुशार, महत्त्वाकांक्षी. वक्तृत्व शिकवत शिकवत तो थेट मिलानला, बादशहाच्या दरबारापर्यंत पोहोचला. बादशहाची स्तुती करणारं भाषण द्यायचं होतं, त्याच्या काळजीने जीव टांगणीला लागला होता, आणि रस्त्यात त्याला एक भिकारी दिसला. थोडी दारू पोटात गेलेला, हसत, मजेत. ऑगस्टीन मित्रांना म्हणाला, आपण एवढं ओझं वाहून जिथे पोहोचायला धडपडतो आहोत तिथे हा चार नाण्यांत पोहोचला, आणि आपण कदाचित कधीच पोहोचणार नाही. भिकाऱ्याचा आनंद खरा नव्हता हे त्याला कळत होतं. पण आपला तर त्याहून खोटा आहे, हेही त्याला त्या रस्त्यावरच कळलं. 387 च्या पुनरुत्थान सणाला त्याचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्याने देवाला उद्देशून लिहिलं की तू आम्हांला तुझ्यासाठी घडवलंस, म्हणून तुझ्यात विसावेपर्यंत आमचं हृदय बेचैन असतं.

शोमरोनी स्त्रीला विहिरीवर येशू हेच सांगतो. या पाण्याने पुन्हा तहान लागेल. तो तहानेला नावं ठेवत नाही, तिच्या पाच नवऱ्यांवरून तिला हिणवत नाही. तिची तहान खरी होती, फक्त घागर चुकीच्या विहिरीत सोडली जात होती. योहान पुढे एक बारीक गोष्ट टिपून ठेवतो: ती घागर तिथेच टाकून गावात पळाली.

"मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करू शकतो" या वचनाचा समाधानाशी काय संबंध?

सगळा संबंध तिथेच आहे. हे वचन आपण टेम्पोच्या काचेवर, परीक्षेच्या पॅडवर, कॅलेंडरवर वाचतो आणि धरून चालतो की देवाच्या मदतीने मी पहिला येईन, धंदा वाढवेन. पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात त्याच्या आधीच्या दोन ओळी वाचा. पौल तुरुंगात आहे. तो म्हणतो, मला भुकेलं राहता येतं आणि भरल्या पोटी राहता येतं, विपुलतेत राहता येतं आणि टंचाईत राहता येतं. मग 'सर्वकाही'. म्हणजे दोन्ही दिवस निभावून नेण्याचं बळ. भरल्या पोटी राहणंही शिकावं लागतं, हे तो त्याच दमात सांगतो, आणि मला वाटतं आजच्या पुण्या-मुंबईतल्या आपल्या कुटुंबांना तोच धडा जास्त कठीण जातो आहे.

तिथे दोन ग्रीक शब्द बघण्यासारखे आहेत. 'संतुष्ट' यासाठी पौल जो शब्द वापरतो तो त्या काळच्या स्टोइक तत्त्वज्ञांचा आवडता शब्द. त्याचा अर्थ स्वयंपूर्ण, ज्याला बाहेरच्या कशाचीही गरज नाही असा. पौल तो शब्द उचलतो आणि आतून बदलून टाकतो: मी पुरेसा आहे असं नाही, जो मला सामर्थ्य देतो तो पुरेसा आहे. दुसरा शब्द 'शिकलो' याच्या पुढच्या ओळीतला. तो त्या काळी गूढ पंथांत प्रवेश देताना वापरत, आपल्याकडच्या 'दीक्षा' या शब्दाच्या अगदी जवळचा. भुकेची दीक्षा, भरलेल्या ताटाची दीक्षा.

म्हणून "मला समाधानी स्वभाव नाही" असं कोणी म्हटलं की मी सांगते, पौलालाही नव्हता. तो 'शिकलो' म्हणतो. मुलं पाढे शिकतात तसं, चुकत, पुन्हा म्हणत.

आणि तो कोरडाही नव्हता. एपफ्रदीत फिलिप्पैहून देणगी घेऊन आला, आजारी पडला, मरता मरता वाचला. पौल त्या देणगीबद्दल मनापासून आभार मानतो, माझ्या संकटात भागी झालात हे चांगलं केलंत असं लिहितो. समाधानी माणसाला दुसऱ्याच्या हातून घ्यायला लाज वाटत नाही.

आपल्या संतांनीही "ठेविले अनंते तैसेचि रहावे" म्हटलं आहे. मग यात वेगळं काय?

हा प्रश्न मला माहेरच्या शेजारणींनी विचारला आहे आणि तो मला आवडतो. पुष्कळ काही सारखंच आहे. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आपल्या मराठी शास्त्रात 'चित्तसमाधान' हा शब्द येतो, तो याच मातीतून उचललेला. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली मुंबईत झाला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. पूल मोडून कोणी नदी ओलांडत नाही.

वेगळेपण मला एका जागी दिसतं. ज्या पत्रात पौल समाधान शिकलो म्हणतो, त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तो ख्रिस्ताविषयी सांगतो की देवाच्या स्वरूपाचा असूनही त्याने स्वतःला रिक्त केलं, दास झाला, वधस्तंभावरच्या मरणापर्यंत गेला. अनंताने मला जसं ठेवलं तसं मी राहावं, इथपर्यंत दोघांचं एक आहे. पण तो अनंत स्वतः माझ्या ठेवल्या जागी येऊन राहिला, गव्हाणीत निजला, डोकं टेकायला जागा नसलेला हिंडला, हे मला ख्रिस्तात दिसलं. माझ्या टंचाईत मी एकटी नसते, या खात्रीवर माझं समाधान उभं आहे.

टिळकांनी हे जगून दाखवलं. 1917 साली त्यांनी मिशनचं काम आणि त्याचा पगार सोडला, ख्रिस्ती संन्यास घेतला आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. दोन वर्षांनी, 1919 च्या मे महिन्यात ते गेले. लक्ष्मीबाईंना त्यांच्या या हात झाडून देण्याच्या स्वभावापायी संसारात काय काय सोसावं लागलं ते त्यांनी लिहून ठेवलं आहे, आणि ते वाचल्याशिवाय टिळकांच्या त्यागाबद्दल कोणी भरभरून बोलू नये असं माझं मत आहे.

बाप्तिस्मा झाला, दर रविवारी उपासनेला जातो, तरी समाधान नाही. माझा विश्वास खोटा आहे का?

पंडिता रमाबाईंची साक्ष ऐका. 1858 चा जन्म. आईवडील 1870 च्या दशकातल्या दुष्काळात गेले, बहीण गेली, पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पती कॉलऱ्याने गेले. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. आणि 1907 साली लिहिलेल्या साक्षीत त्या स्वच्छ सांगतात की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचा जीव जो ख्रिस्त, तो मिळाला नव्हता. मधली कित्येक वर्षं त्या वाचत होत्या, काम करत होत्या, शारदा सदन चालवत होत्या, आणि आत असमाधान होतं. एवढ्या विदुषीला हे लिहायला लाज वाटली नाही.

तुमचं असमाधान हा विश्वास खोटा असल्याचा पुरावा नाही. कदाचित ते तुम्हांला दाराशी न थांबता आत यायला सांगत असेल. प्रार्थनेत मागण्यांची यादी बाजूला ठेवा आणि एवढंच म्हणा: प्रभू, मला तूच हवा आहेस. पहिल्या दिवशी ते खरं वाटणार नाही. तरी म्हणा.

समाधानाची शिकवण गरिबांना गप्प बसवण्यासाठी वापरली जात नाही का?

वापरली गेली आहे, आणि ते पाप आहे. आमच्या नगर भागातल्या मंडळ्यांतले बहुतेक लोक ज्या वस्त्यांमधून आले, तिथे पिढ्यान्‌पिढ्या "आहे त्यात सुख मान" असंच सांगितलं जात होतं, आणि सांगणाऱ्याच्या कणग्या भरलेल्या असत. म्हणून हा प्रश्न कोणी विचारला की मला राग येत नाही, बरं वाटतं.

शास्त्र काय म्हणतं ते पाहा. याकोब आपल्या पत्रात धनवानांना बजावतो की तुमच्या शेताची कापणी करणाऱ्यांची जी मजुरी तुम्ही अडकवून ठेवलीत ती ओरडते आहे, आणि तो आक्रोश सेनाधीश प्रभूच्या कानी गेला आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याची उचल हंगाम संपला तरी फिटत नाही, तेव्हा त्यांना समाधानावर प्रवचन देण्याचा अधिकार मुकादमाला नाही. पौल दासांना लिहिताना म्हणतो, काळजी करू नको, पण मोकळं होता येत असेल तर अवश्य हो. येशूने 'लोभापासून सावध राहा' हे ज्याला सांगितलं तो भावाशी वडिलोपार्जित वाटणीवरून भांडत आला होता, आणि पाठोपाठ गोष्ट सांगितली ती कोठारं पाडून मोठी बांधणाऱ्या श्रीमंताची. त्या गोष्टीत दुसरं माणूसच नाही. माझं पीक, माझी कोठारं, माझा माल, आणि बोलायलाही स्वतःचाच जीव.

पुन्हा रमाबाईंकडेच येते. ज्या बाईला ख्रिस्तात समाधान सापडलं ती घरात बसून राहिली का? 1896-97 च्या दुष्काळात ती मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना, विधवांना घेऊन आली. केडगावच्या माळावर विहिरी खणल्या, मुक्ती सदन उभं राहिलं, शेकडो मुली लिहायला-वाचायला, छापखाना चालवायला, विणायला शिकल्या. स्वतःच्या भुकेची काळजी मिटलेल्या माणसाला दुसऱ्याची भूक दिसू लागते. स्वतःच्या वाट्याला आलेली टंचाई मी शांतपणे घेऊ शकते, दुसऱ्याच्या ताटातली टंचाई शांतपणे बघणं याला समाधान हे नाव देऊ नका.

विश्वास ठेवला की नोकरी, व्हिसा, घर मिळतं असं काही जण सांगतात. खरं आहे का?

देव देतो, आणि मागायलाही सांगतो. पण "इतकं बीज पेरा, शंभरपट परत येईल" असं सांगून पैसे मागणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. माझ्या ओळखीतल्या एका बाईने गॅसचे पैसे असे दिले आणि पंधरा दिवस चुलीवर स्वयंपाक केला. ही हावच आहे, फक्त तिच्या कपाळावर वचन चिकटवलं आहे. हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या शेवटच्या ओळी वाचा: अंजिराला फूल नाही, द्राक्षीला फळ नाही, शेतात पीक नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वरात आनंद करीन. असा शेतकरी कोणत्याही सभेत 'यशाची साक्ष' द्यायला बोलावला जाणार नाही.

मला सतत उदास वाटतं, झोप लागत नाही. प्रार्थना कमी पडते आहे का?

डॉक्टरांना भेटा. हा आजार असू शकतो आणि त्यावर औषध घेण्यात अविश्वास नाही. संदेष्टा एलीया रानात रतामाच्या झुडपाखाली मरण मागत बसला तेव्हा देवाने त्याला आधी झोपू दिलं, मग दूताकरवी भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. बोलणं फार नंतर झालं.

रोजच्या जगण्यात सुरुवात कुठून करू?

आपण प्रभूच्या प्रार्थनेत 'रोजची भाकर' मागतो, महिन्याची नाही. रानात इस्राएलांना मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेलं अन्न, मिळत असे तो एका दिवसाचा. उद्यासाठी ठेवला त्यात किडे पडले, फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशीचा टिकत असे. म्हणून पहिलं, ताटावर बसल्यावरची प्रार्थना घाईत उरकू नका. आज समोर काय वाढलं आहे ते नाव घेऊन सांगा: ही बाजरीची भाकरी, हा ठेचा, हे ताक.

दुसरं, रात्री झोपताना इतरांचे स्टेटस बघणं बंद करा. लोभाचा विषय शेजाऱ्यापासून सुरू होतो असं दहावी आज्ञा सांगते, आणि आता चारशे शेजारी उशाशी असतात.

तिसरं, द्या. माझी आई पीठ मळायच्या आधी एक मूठ बाजूच्या डब्यात टाकायची. महिन्याअखेर तो डबा मंडळीतल्या एखाद्या घरी जाई. मिझोरमच्या मंडळ्यांत हीच रीत आहे, स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढायचा, आणि त्यावर तिथे केवढंतरी सेवाकार्य उभं राहिलं आहे. आमच्या घरी कित्येकदा पीठ कमी असे. मूठ लहान व्हायची, चुकायची नाही. कापणीच्या सणाला लोक कांदे, बाजरी, कोंबड्या, अंडी वेदीपुढे आणून ठेवत आणि उपासनेनंतर लिलाव होई. एका वर्षी आईने आणलेला भोपळा चढत चढत कितीतरी पटीने गेला, आणि घेणाऱ्याने तो उचलून पुन्हा तिच्याच हातात दिला. आम्ही तीन दिवस भोपळा खाल्ला.

तुम्हांला स्वतःला हे साधलं आहे का?

शिकते आहे. पाटल्या मुलीच्या लग्नात तिला दिल्या. गेल्या मे महिन्यात भाचीच्या लग्नाला गेले होते. उपासनामंदिरात माझ्या पुढच्या बाकावर एक बाई बसल्या होत्या, हातात जाड घडणीचे तोडे. आणि माझ्या मनात तोच जुना हिशेब सुरू झाला, किती तोळ्यांचे असतील, घडणावळ किती पडली असेल. तेवढ्यात पाळकांनी शपथ सांगायला सुरुवात केली. "अधिक संपन्न स्थितीत, अधिक विपन्न स्थितीत" या शब्दांवर भाचीचा आवाज दाटला, ती थांबली, तिने श्वास घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. मी तिच्याकडे बघत राहिले. घरी आल्यावर मुलीने फोनवर विचारलं, लग्नाला कोण कोण आलं होतं. मी सगळी नावं सांगितली. पुढच्या बाकावर कोण होतं ते काही केल्या आठवेना.